भांगाचं पाणी

जयगड बंदर
२५ एप्रिल २०२६

प्रिय निवे,

यॉट म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जे काही आलं असेल, पांढरे कपडे, बर्फाचे ग्लास, वाऱ्यावर उडणारे केस, ते आधी पुसून टाक. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधली कपडे वाळत घालायची खोली आठव. ती लांबट खोली कुणीतरी सतत हलवत ठेवली की झाली आमची यॉट. लांबी नऊ मीटर. संडासात शिरताना तोंड कोणत्या दिशेला करायचं हे बाहेरच ठरवावं लागतं, कारण आत वळता येत नाही.

नाव 'मरिया'. माझं नाही, सासूबाईंचं. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या घरात राहिले, आता त्यांच्या पोटात राहते आहे.

सॅम मात्र सुखात आहे. नागापूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्याचा आणि समुद्राचा संबंध काय? तुझ्या अवधूतने आणि त्याने मुळा धरणावर ती जुनी शिडाची होडी तीन हिवाळे चालवली, तेवढ्या शिदोरीवर हा दर्यावर्दी झाला. दोर ओढायचा असला की मला सांगतो, 'एंजेला, प्रेमाने ओढ.' प्रेमाने ओढून माझ्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली आहेत.

नाताळात तुमच्या ओसरीवर, तुम्हा दोघांसमोर, जे ठरलं ते विसरू नकोस. एक उन्हाळा. पावसाळ्यासाठी बंदरं बंद व्हायच्या आधी मी एकच शब्द बोलायचा, 'ठेव' किंवा 'विक', आणि सॅमने तो निमूटपणे मानायचा. तो बायबलवर हात ठेवायला निघाला होता, मी म्हटलं राहू दे, अडतीस वर्षांच्या संसारात तू शब्द मोडलेला नाहीस. माझा शब्द तेव्हाच ठरलेला आहे. तो महिनाभर तोंडात धरून बसायचं, एवढंच काम उरलं आहे.

फोन इथे टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही, तेव्हा सिस्टर आपल्याकडून दर रविवारी पत्र लिहून घ्यायच्या ते आता उपयोगी पडतंय. इथल्या पोस्टात आमच्या नावाने आलेलं टपाल ठेवतात. तिथेच लिही.

तुझी,
एंजी


सोनई
२९ एप्रिल २०२६

प्रिय एंजी,

तुझं पत्र अवधूतने उभ्यानेच वाचलं, मग माळ्यावरून ॲटलास काढला आणि जयगडवर बोट ठेवून बसला. मी म्हटलं, जेवायला चला. तर म्हणतो, "सॅम तिथे आहे आणि मी इथे कांदा चाळीत भरतोय." दोन दिवस घरात असं तोंड आहे.

इकडे ऊन बेचाळीसच्या वर. दुपारी वीज जाते ती चारला येते. तू समुद्राच्या वाऱ्यात बसून कुरकुरतेस, ते मी कूलरच्या बंद पंख्यासमोर बसून वाचते, हे लक्षात ठेवून पुढचं पत्र लिही.

सॅमभाऊंचा टेकडीवरून अवधूतला फोन आला होता. म्हणाले, "एंजेला खूश दिसत नाही, पण जेवते नीट." अवधूत म्हणाला, मग काळजी नाही.

करार आम्हाला चांगला आठवतो. साक्षीदार आहोत, साक्ष देऊ. पण महिना संपायच्या आत तो शब्द चुकून तोंडातून सांडू देऊ नकोस, एवढं माझं ऐक. सॅमभाऊ त्या ओसरीवर तुझ्याकडे कसे बघत होते ते तू पाहिलं नाहीस, तू केक कापत होतीस.

तुझी,
निवेदिता


खाडीतला मुक्काम
६ मे २०२६

प्रिय निवे,

आम्ही आता कुठे आहोत ते सांगते. जयगडच्या खाडीत पाच-सहा मैल आत, एका वाडीसमोर. पाण्यात म्हणशील, तर नाही. चिखलात.

रविवार होता. जयगडला एका घरी मला अंघोळीची खोली मिळाली होती. सरळ उभं राहून, बादलीने, गरम पाण्याची अंघोळ. मी म्हटलं, आजचा दिवस इथेच राहू, मी अंघोळ करीन, मग स्वस्थ बसून प्रार्थना करीन. सॅम म्हणाला, भरती लागली आहे, खाडी आतून बघून येऊ, अंघोळ काय उद्याही होईल. नांगर उचललासुद्धा. मी त्या क्षणापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं.

दुपारी एका वळणावर खारफुटीच्या आडोशाला निवांत पाणी दिसलं. आरशासारखं. सॅमने नांगर टाकला आणि म्हणाला, "बघ, अगदी मुळा धरण." संध्याकाळपर्यंत धरण निघून गेलं. 'मरिया' एका अंगावर कलंडली, आणि चहाची किटली, माझा चष्मा आणि मी, तिघंही एका कोपऱ्यात जमा झालो.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, पण आदल्या दिवसापेक्षा कमी. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. बोट नुसती ओली होते, उचलत नाही. ओहोटीला इथे एक बाई चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, वेचत येते. कमरेला टोपली, चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नाही. मला म्हणाली, "बाय, ही होडी हितं कुनी गो आणून ठेवलीन?"

मी सॅमकडे बोट दाखवलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"आता बसा पंधरा दिस. भांगाचं पानी लागतंय. अवशेच्या उधाणाला निगंल. निगली तर."

भांगाची भरती, निवे, चंद्र अर्धा असतानाची ती बुटकी भरती. एकतीस वर्षं भूगोल शिकवताना हा शब्द मी फळ्यावर लिहिला, मुलींकडून पाठ करून घेतला. जिवंत माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, तोही चिखलात अडकल्यावर.

तेव्हा अमावास्येपर्यंत इथेच. भात शिजवला की एका बाजूला गच्च आणि दुसऱ्या बाजूला पेज होते, कारण पातेलं सरळ राहत नाही. झोपताना फळीला पाय टेकवून उभं राहिल्यासारखं झोपायचं. ऊन, डास, आणि चिखलाचा वास, ज्याला मी आता वास म्हणायचंही सोडलं आहे. सॅमला कोणी सांगायला हवं होतं की समुद्र हे धरण नाही. पण पुरुषांना सांगून उपयोग असता तर आपण दोघी आज कुठे असतो.

माझा शब्द आता पक्का आहे आणि त्याला पुरावाही मिळाला आहे. ती बाई वाडीतल्या पोस्टात पत्र टाकते म्हणाली, सोबत वाडीचा पत्ता देते आहे.

एंजी


खाडी
७ मे २०२६

अवधूतराव यांस नमस्कार,

एंजेलाचं पत्र तुमच्याकडे पोहोचलंच असेल, तेव्हा प्रकार ठाऊक झाला असेल. तिने लिहिलंय त्याहून थोडा कमी वाईट आहे. बोट शाबूत आहे, कुठे चीर नाही.

चूक पूर्ण माझी. धरणातलं पाणी उतरतं ते उन्हाळाभरात मिळून. इथलं दिवसातून दोनदा उतरतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाताला सवय असणं वेगळं. छापील वेळापत्रक खणात होतं, मी उघडलं नाही. टूलरूममध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

एक काम सांगतो. बोटीला गिऱ्हाईक बघा. चिखलाचं मला वाईट वाटत नाही. तिला इतक्या लांब आणून या अवस्थेत ठेवली त्याचं वाटतं. ती तिरक्या फळीवर बसून भात करते आणि मला एक शब्द बोलत नाही. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सहन केलं असतं. तुम्ही तिला ओळखता. एंजेला गप्प आहे म्हणजे प्रकरण संपलं.

ठरल्याप्रमाणे निकाल तिलाच देऊ द्या. ती 'विक' म्हणेल, मी 'बरं' म्हणेन. तेव्हा गिऱ्हाईक तयार असलं म्हणजे रेंगाळायला नको. मला रेंगाळणं जमणार नाही. हे तिला कळू देऊ नका.

वहिनींना नमस्कार.

आपला,
सॅम


सोनई
११ मे २०२६

प्रिय एंजी,

सॅमभाऊंचं अवधूतला आलेलं पत्र सोबत घातलं आहे. तुला कळू देऊ नका असं त्यात शेवटी लिहिलंय, आणि मी कळू देते आहे. अवधूत माझ्यावर चिडला आहे. पण मला वाटलं, तू चिखलात बसून ज्याची वाट बघते आहेस ते आपोआप होतंय, तर तुला चार दिवस आधी आनंद का होऊ नये?

गिऱ्हाईकही मिळालं. राहुरीचे कानिफनाथ म्हणून आहेत, मुळा धरणाच्या कडेला त्यांचं हॉटेल आणि लग्नाचं लॉन आहे. त्यांना बोट पाण्यात घालायचीच नाही. लॉनच्या मधोमध सिमेंटचा चौथरा करून त्यात बुडापर्यंत पक्की बसवायची, शिडाला विजेच्या माळा लावायच्या, आणि नवरा-नवरीने आत बसून फोटो काढायचे. अवधूतने विचारलं, "पण ती चालती बोट आहे." ते म्हणाले, "चालून कुठं जायचंय सायेब? लई झकास दिसंल." २३ तारखेला, शनिवारी, जयगडला ट्रेलर घेऊन बघायला येतायत.

अवधूत हे ऐकून आल्यापासून पुन्हा ॲटलासपाशी बसला आहे. तू मात्र सुटलीस.

एक विचारू? रागावू नकोस. आठवीत तू भरती-ओहोटीची आकृती काढली होतीस, कंपासने, चंद्र-सूर्य-पृथ्वी एका रेषेत, निळ्या पेन्सिलीने फुगलेला समुद्र. सिस्टरनी ती वर्गात वर्षभर लावून ठेवली होती. माझ्या वहीतला समुद्र तुझा बघून काढलेला. मग त्या रविवारी दोनच दिवसांपूर्वी पौर्णिमा झालेली, पाणी सगळ्यात वर आलेलं, ते उतरणार, हे तुला कसं दिसलं नाही? तू सगळं लिहिलंस, अंघोळीच्या बादलीपर्यंत. तेवढंच नाही लिहिलंस.

निवेदिता


खाडी
१४ मे २०२६

निवे,

सिमेंटचा चौथरा. विजेच्या माळा. हळद लावलेली माणसं सॅमच्या सुकाणूला धरून दात काढणार, आणि आपण दर नाताळात सोनईला येताना ते रस्त्यावरून बघणार. त्या कानिफनाथांना सांग, हौस असेल तर स्वतःची बाज चौथऱ्यात बसवा.

तुझ्या प्रश्नावर मी काल दिवसभर चिडले. उत्तर देते, कारण तू विचारल्यावाचून सोडणार नाहीस, आणि आठवीपासून मला फक्त तुझीच भीती वाटते.

मला दिसलं होतं.

नुसतं दिसलं नव्हतं. नांगर टाकायच्या आधी सॅमने मला विचारलं. पुढे उभा होता, नांगर हातात, मागे वळून म्हणाला, "एंजेला, पाणी उतरलं तर इथे पुरेल का गं? तुझा विषय आहे." खारफुटीची झाडं पानांपर्यंत पाण्यात बुडालेली होती. पानं बुडवून कोणतं झाड जगतं? म्हणजे ते पाणी वरचं, पाहुणं. एका नजरेत कळलं. आणि मी काय म्हटलं? "मला कशाला विचारतोस, कॅप्टन तू."

अंघोळीवरून, निवे. एका बादलीवरून.

मला वाटलं, सहा तास अडकेल, फजिती होईल, मग माझा 'विक' त्याच्याही गळी सहज उतरेल. नंतर पंधरा दिवस पाणी चढणारच नाही, आकृतीचा हा दुसरा अर्धा भाग माझ्या ध्यानातच आला नाही. लबाडी केली ती केली, वर अभ्यासातही चुकले.

आणि गेले अकरा दिवस हा माणूस मला पाणी आणून देतो, पंख्याने वारा घालतो, आणि चूक माझी, चूक माझी म्हणतो. म्हणून मी बोलत नाही. त्याला वाटतं प्रकरण संपलं. तुझ्या पाकिटातून आलेलं त्याचं ते पत्र वाचलं, आणि मला सासूबाईंच्या पोटातसुद्धा जागा नको झाली.

मला जिंकायचं होतं. असं नाही. त्याने मान खाली घालून बोट माझ्या पायाशी ठेवावी, आणि मी खोट्या पेपरावर पहिला नंबर घ्यावा, असं नाही. माझा राग खरा होता. बोट मला आवडत नाही हे खरं होतं. तेवढं पुरेसं होतं, मी त्यात भेसळ केली.

उद्या सांगते त्याला. लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरता येणार नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

एंजी


सोनई
१६ मे २०२६

एंजी,

दोन ओळीच लिहिते. आज शनि जयंती, त्यात शनिवार, त्यात अमावास्या. शिंगणापूरच्या गर्दीने आमचा रस्ता पहाटेपासून बंद आहे, पोस्ट गाठेपर्यंत घाम निघेल.

तुझं पत्र आत्ताच आलं. सांगायचं असेल तर पाणी चढायच्या आत सांग. बोट तरंगल्यावर सांगितलंस तर ती कबुली नाही, गप्पा. सॅमभाऊ रागावतील. रागावू दे. त्यांना चांगल्यापणाचा कंटाळा आला असेल.

कानिफनाथांना मी अजून काही कळवलेलं नाही. अवधूत म्हणतो, पुढच्या शनिवारपर्यंत थांबू. त्याने हे म्हणताना ॲटलास बंद केला, एवढं तुला कळावं.

निवेदिता


जयगड बंदर
२० मे २०२६

प्रिय निवे,

तुझं पत्र वाडीहून फिरून काल इथे मिळालं, म्हणजे उशिरा. मी १५ तारखेलाच सांगून मोकळी झाले होते. मोकळी हा शब्द चुकीचा आहे.

तो खाली चिखलात गुडघाभर उभा राहून बुडाचं शेवाळ खरवडत होता. मी वरून सांगितलं. वरून सांगायला नको होतं, पण खाली उतरले असते तर धीर वरच राहिला असता. पूर्ण ऐकेपर्यंत त्याचा हात थांबला नाही. मग म्हणाला,

"म्हणजे तुला कळलं होतं."

"हो."

"मी विचारलं होतं."

"हो."

"टूलरूममध्ये बिघडलेलं मशीन बघून कुणी गप्प बसला असता, तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता."

"मग पाठव."

"इथनं कशी पाठवू?" तो म्हणाला, आणि पुन्हा खरवडायला लागला. मला हसू आलं. त्याला आलं नाही.

अडतीस वर्षांत हा माणूस माझ्यावर रागावलेला मी पाहिलेला नव्हता. तो कसा रागावतो हेच मला माहीत नव्हतं. ओरडत नाही, भांडी आपटत नाही. फक्त चहा करतो आणि एकाच कपात ओततो. नऊ मीटरच्या बोटीत, तीही तिरकी, माणूस दोन दिवस पाठ करून राहू शकतो हे मला पटलं नसतं.

१७ तारखेला पाणी चढलं. बोट हलली, करकरली, आणि चिखलाने धरून ठेवली. पाणी परत गेलं. सॅम आत आला, खणातून ते छापील वेळापत्रक काढलं, माझ्यापुढे ठेवलं, वर पेन्सिल.

"उद्या किती वाजता, आजच्यापेक्षा किती जास्त, आणि किती वेळ टिकेल?"

मी तासभर हिशेब केला, दोनदा तपासला. एक वाजून पाच मिनिटं. आजच्यापेक्षा चार बोटं वर. टिकेल पंधरा-वीस मिनिटं, त्यानंतर पुढच्या पौर्णिमेपर्यंत नाही, आणि ते पाणीही याच्यापेक्षा कमी, कारण या अमावास्येला चंद्र जवळ आहे. तोवर पावसाळा दारात. त्याने कागद वाचला, खिशात ठेवला. बरोबर आहे का, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्यावाली बाई जावेला घेऊन छोट्या होडीतून आली. डोलकाठीच्या टोकाला दोर बांधून दोघींनी बोट एका अंगावर ओढून धरली, म्हणजे तळ चिखलातून सुटावा. सॅमने नांगर दूर खोल पाण्यात नेऊन टाकलेला, त्याचा दोर तो इंच इंच गुंडाळत होता. सुकाणू माझ्याकडे. एक वाजून गेला. काही नाही. बाई ओरडली, "बाय, तुजं पानी कदी गो येतंय?" मी म्हटलं, पाच मिनिटं. चुकले असते तर यावेळी कुणी मला खोटं म्हणालं नसतं, नुसतं मूर्ख म्हणालं असतं, आणि ते मला जास्त लागलं असतं.

एक वाजून सात मिनिटांनी 'मरिया' उठली. सासूबाई खुर्चीतून उठायच्या तशीच, आधी कण्हून, मग एकदम.

जयगडला पोहोचून नांगर टाकल्यावर सॅम समोर येऊन बसला. म्हणाला, "आता शब्द दे. अवधूतरावांचं गिऱ्हाईक शनिवारी येतंय." त्याचं पत्र मी वाचलंय हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. एकदा कबुली द्यायला बसल्यावर मी काही शिल्लक ठेवलं नाही.

मी म्हटलं, "माझा शब्द बाद. कॉपी करताना सापडलेल्याचा पेपर तपासत नाहीत."

"मग माझा चालेल?"

"तुझाच चालेल. करार मी मोडला."

तो बराच वेळ शिडाची घडी घालत बसला. मला वाटलं, विकतो. खरं सांगते निवे, तेव्हा मला 'विक' ऐकायचं नव्हतं. बोट आवडायला लागली म्हणून नाही. मला ती अजूनही आवडत नाही, संडासात अजूनही वळता येत नाही. पण माझ्या एका गप्प बसण्याने त्या माणसाची बोट सिमेंटमध्ये जावी, हे मला पुढे रोज बघावं लागलं असतं.

"ठेवायची," तो म्हणाला. "पण मी विचारलं की तू सांगायचं. रागावली असलीस तरी."

"आणि विचारलं नाहीस तर?"

"तरी."

"जन्मभर मी न विचारता सांगत आले, तेव्हा तुझी तक्रार होती."

"ते घरात. इथे सांगायचं."

म्हणजे बघ, मी नुसती हरले नाही. दर उन्हाळ्याला बांधली गेले, वेळापत्रकासकट. हा काय न्याय झाला? सिस्टरनी गुन्ह्याबद्दल पायऱ्या पुसायला लावल्या असत्या आणि सोडून दिलं असतं.

तेव्हा कानिफनाथांना येऊ नका म्हणून कळव. त्यांच्या लॉनवर दुसरं काहीतरी बसवा म्हणावं, बैलगाडी बसवा. अवधूतला सांग, हा आठवडाभर दाभोळपर्यंत जाऊन येतो, मग बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवू. ऑक्टोबरात एक जागा रिकामी आहे. दोर प्रेमाने ओढायला.

सॅमचा राग अजून पुरता गेलेला नाही. चहा आता दोन कपांत ओततो, पण बोलणं कामापुरतं. आज दिवसभर बंदराबाहेर सराव करताना तो सुकाणूवरून विचारत होता, "पाणी किती?" आणि मी त्याच्या पाठीमागे दोरी टाकून सांगत होते, "चार मीटर." "आता?" "तीन. डावीकडे घे." तो डावीकडे घ्यायचा. मागे वळून बघायचा नाही, का म्हणून विचारायचा नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच. अडतीस वर्षांत मी इतकं कमी कधी बोलले नव्हते, आणि त्याने माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

तुझी,
एंजी